डोक्याला तेल लावून येऊ नका

ईईजी काढायचं ठरलं की रुग्णाच्या हाती एक चिठ्ठी येते. आदल्या रात्री केस शाम्पूने धुवा, तेल लावू नका, उपाशीपोटी येऊ नका, चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. लहान मूल असेल तर रात्री उशिरा झोपवा आणि पहाटे लवकर उठवा. यातली तेलाची अट आपल्या घरांत पाळायला सगळ्यात अवघड. तपासणीला निघालेल्या नातवाच्या टाळूवर आजीचा तेलाचा हात सवयीने फिरतोच. मग तंत्रज्ञाला कापसाचा बोळा घेऊन एकेक जागा घासून पुसावी लागते. तेलाचा पातळसा थर राहिला तरी त्वचा आणि तारेतला संपर्क बिघडतो, आणि जे टिपायचं ते मुळातच फार क्षीण असतं.

त्यानंतर टेप निघते. नाकाच्या मुळाशी असलेल्या खाचेपासून डोक्याच्या मागे हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत एक माप, एका कानासमोरून दुसऱ्या कानासमोर दुसरं. या मापांच्या दहा आणि वीस टक्क्यांवर रंगीत पेन्सिलीने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवर चिकट पेस्ट लावून चकती बसवायची. माँट्रियलच्या हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली ही पद्धत मांडली. त्यामुळेच नाशिकला काढलेला ईईजी नैरोबीतल्या डॉक्टरलाही वाचता येतो. सगळं बसलं की तंत्रज्ञ म्हणतो, "डोळे मिटा, दात आवळू नका, अंग सैल सोडा." पडद्यावर डोक्याच्या मागच्या भागातून सेकंदाला दहाएक अशा गुळगुळीत लाटा उमटू लागतात. डोळे उघडले की त्या विरतात.

या विजेचं मान लक्षात घेण्यासारखं आहे. घड्याळातल्या पेन्सिल सेलमध्ये दीड व्होल्ट असतात. टाळूवर पोचणारी मेंदूची वीज साधारण पन्नास मायक्रोव्होल्ट, म्हणजे त्या सेलच्या तीस हजारावा भाग. पापणी लवली तरी तिच्याहून मोठी लाट उमटते. जबडा आवळला की सगळी नोंद काळीकुट्ट होते, भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण वेगळी गाळावी लागते. शिवाय ही वीज एका पेशीची नसते. मेंदूच्या पृष्ठभागात शेजारीशेजारी उभ्या असलेल्या हजारो पेशी एकाच ठेक्यात आल्या तरच ती कवटीबाहेर जाणवते. देवळाबाहेरच्या रस्त्यावर उभं राहून आतलं भजन ऐकावं, तसं हे ऐकणं आहे: ठेका कळतो, लय वाढली की कळतं, मध्येच टाळ थांबले तर तेही कळतं, पण तिसऱ्या ओळीत बसलेला माणूस काय पुटपुटतोय ते कळत नाही.

शंभर वर्षांत माणसाने या क्षीण खुणेकडे फार वेगवेगळ्या गोष्टी मागितल्या. प्रश्न लहान आणि नेमका होता तिथे तिने माणसांची आयुष्यं सावरली. ‘याच्या मनात काय चाललंय’ असा अवाढव्य प्रश्न घातला तिथे विचारणारे फसले, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

सुरुवात मात्र त्या अवाढव्य प्रश्नापासूनच झाली होती. हान्स बर्गर हा जर्मन तरुण लष्करी सेवेत असताना घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याच्या चाकाखाली येता येता वाचला. त्याच दिवशी घरून तार आली. त्याच्या बहिणीला अचानक वाटलं होतं की भावाचं काही बरंवाईट झालंय, आणि तिच्या आग्रहाखातर वडिलांनी ती तार केली होती. विचार एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूत जातो, तर त्यामागे कुठली तरी मोजता येण्याजोगी ऊर्जा असली पाहिजे, या ध्यासाने बर्गर वैद्यकाकडे वळले. १९२४ साली येना इथे त्यांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली. सशांच्या आणि माकडांच्या मेंदूतली वीज लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ सालीच दाखवली होती, पण जिवंत माणसाच्या डोक्यावरून ती टिपता येईल यावर कुणाचा विश्वास नव्हता. बर्गर यांचा स्वतःचाही बसेना. त्यांनी पाच वर्षं नोंदी पुन्हापुन्हा तपासल्या, आपल्या मुलाच्या डोक्यावरही प्रयोग केले आणि १९२९ साली पहिला निबंध छापला. जगाने दखल घेतली ती १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखवल्यावर.

परचित्तज्ञान बर्गर यांना सापडलं नाही. हाती आल्या त्या डोळे मिटल्यावर उमटणाऱ्या अल्फा लहरी, आणि त्या पुढे वैद्यकाला पुरून उरल्या. याच माणसाने नाझी काळात येनाच्या ‘आनुवंशिक आरोग्य न्यायालया’त बसून सक्तीच्या नसबंदीचे निवाडे केले, हेही सांगितलं पाहिजे. नसबंदीच्या त्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत आनुवंशिक अपस्मार होता. ज्या रुग्णांना ईईजीचा सर्वाधिक उपयोग होणार होता, त्यांच्याविरुद्धच्या व्यवस्थेत ईईजीचा जनक सामील होता.

अपस्मार म्हणजे आपल्या बोलीतली फिट, मिरगी, फेफरं, आकडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, त्यातले जवळपास ८० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि योग्य उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटविना जगू शकतात. तरीही रस्त्यात कुणाला फिट आली की आजही पहिली हाक कांद्याची किंवा चपलेची येते. हुंगवायचं म्हणून. फिट दोन-तीन मिनिटांत आपसूक थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. या आजाराचा डाग इतका खोल होता की हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे विवाह रद्द करण्याचं कारण ठरत असे. ती तरतूद निघायला १९९९ साल उजाडलं.

ईईजीने इथे काय केलं, ते एका लहानशा प्रकारात स्वच्छ दिसतं. सहा-सात वर्षांचं मूल वर्गात लिहिता लिहिता थांबतं, दहा सेकंद शून्यात बघतं, पापण्या किंचित फडफडतात आणि काही घडलंच नाही असं ते पुढे लिहू लागतं. दिवसातून अनेकदा. बाई म्हणतात, लक्ष नसतं. घरी मार बसतो. ईईजीच्या खोलीत त्याच्या हाती भिरभिरं देतात आणि तीन मिनिटं जोरजोरात फुंकायला सांगतात. भराभर श्वासोच्छ्वास झाला की भिरभिरं थबकतं, मूल गप्प होतं आणि त्याच क्षणी पडद्यावर सगळ्या तारांमधून एकदम सेकंदाला तीन अशा टोकदार लाटा उसळतात. गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी १९३५ साली बोस्टनमध्ये टिपलेली ही खूण आजही तशीच वाचली जाते. तिच्यावर औषधाची निवड ठरते: मोठ्या फिटसाठी सर्रास दिलं जाणारं कार्बामाझेपिन या मुलांचा त्रास उलट वाढवू शकतं, तर इथोसक्सिमाइड किंवा व्हॅलप्रोएटने तो बहुतेकदा आटोक्यात येतो. बेशिस्तीचा शिक्का असा अर्ध्या तासात पुसता येतो.

पण नोंदीला तिच्या मर्यादेत वाचावं लागतं. पहिल्या साध्या ईईजीत अपस्माराच्या सुमारे निम्म्या रुग्णांत काहीच सापडत नाही, आणि कधी फिट न आलेल्या काही थोड्या माणसांत टोकदार लाटा दिसतात. ‘ईईजी नॉर्मल, म्हणजे नाटक करते’ असं म्हणून एखाद्या सुनेची गोळी बंद करणं, किंवा नुसत्या रिपोर्टवरून धडधाकट मुलाला वर्षानुवर्षं औषधं देणं, या दोन्ही चुका होतात. फिट प्रत्यक्ष पाहणाऱ्याने सांगितलेली हकीकत, आणि आता मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ, हे ईईजीइतकेच महत्त्वाचे पुरावे आहेत.

मुंबई-पुण्यातल्या आयांना मेंदूच्या लहरींची आणखी एक तपासणी तोंडपाठ असते: बेरा. मूल आवाजाकडे मान वळवत नाही, हाकेला ओ देत नाही. ते लहान, त्यामुळे ‘ऐकू आलं का’ याचं उत्तर देऊ शकत नाही. तेव्हा त्याला गाढ झोपवून कानात टकटक असा आवाज सोडतात आणि कानामागे, कपाळावर तारा लावून मेंदूच्या देठातली हालचाल टिपतात. आवाज कानातून मज्जातंतूवर, तिथून देठातल्या एकेका ठाण्यावरून वर जातो, आणि पहिल्या दहा मिलिसेकंदांत पाचेक लहानशा लाटा उठवतो. त्या एक मायक्रोव्होल्टपेक्षाही लहान असतात. एका टकटकीत काहीच दिसत नाही. हजार-दोन हजार टकटकींची सरासरी काढली की गोंधळ आपोआप कटतो आणि पाचवी लाट वर डोकावते. आवाज कमी करत नेला, तर ती कुठल्या पातळीला नाहीशी होते त्यावरून मुलाचं ऐकणं मोजलं जातं. डॉन ज्युवेट यांच्या १९७० च्या सुमाराच्या कामातून ही तपासणी उभी राहिली. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेली कुटुंबं तिच्यासाठी बसलेली असतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे, आणि कॉक्लियर इम्प्लांटसाठी सरकारी मदतही आहे. घाई एकाच कारणासाठी: भाषा शिकण्याची मेंदूची खिडकी पहिल्या काही वर्षांतच सताड उघडी असते. ‘थांबा, त्याचे आजोबाही उशिरा बोलले’ या दिलाशात ती वर्षं जातात.

अतिदक्षता विभागातला प्रश्नही असाच नेमका विचारला गेला, तेव्हा उत्तर हादरवणारं आलं. मेंदूला मोठी इजा होऊन बेशुद्ध पडलेल्या, सांगितलेलं काहीच न करणाऱ्या १०४ रुग्णांच्या कानांत न्यू यॉर्कच्या यान क्लासेन यांच्या गटाने सूचना ऐकवल्या: उजवी मूठ उघडझाप करा, आता थांबा. हात हलला नाही. पण १६ जणांच्या ईईजीत ‘करा’ आणि ‘थांबा’ यांत फरक दिसला. वर्षभरानंतर या गटातले ४४ टक्के रुग्ण दिवसाचे निदान आठ तास स्वतःचं स्वतः करण्याइतके सावरले होते. बाकीच्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. हा अभ्यास २०१९ सालचा. २०२४ साली अनेक देशांतल्या केंद्रांनी एमआरआय, ईईजी किंवा दोन्ही वापरून असे २४१ रुग्ण तपासले, तेव्हा ६० जणांत, म्हणजे चारातल्या एकात, हा छुपा प्रतिसाद मिळाला. खाटेशेजारी उभं राहून ‘आता यात काही उरलं नाही’ असं बोलताना निदान आवाज खाली आणावा, इतकं तरी या आकड्यांनी शिकवलं आहे.

आणि आता पुणे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दिलेल्या निकालाची जगभर चर्चा झाली, कारण दोषसिद्धीत मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा आधार घेतला होता. आरोपीच्या डोक्यावर तारा लावून, डोळे मिटवून, गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची, आणि ही घटना आरोपीने ‘अनुभवलेली’ आहे की नुसती ‘ऐकलेली’, हे संगणकाने लहरींवरून ठरवायचं, असा या तंत्राचा दावा. निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने तपासाच्या या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं. आठवण, कल्पना, भीती, वर्तमानपत्रात वाचलेलं आणि पोलिसांनी दहा वेळा विचारलेलं, हे सगळं टाळूवरच्या त्या पन्नास मायक्रोव्होल्टमध्ये एकमेकांत मिसळलेलं असतं. ते सुटं करणारी चाळणी आजही कुणाकडे नाही. आरोपीला पुढे उच्च न्यायालयातून जामीन मिळाला, आणि ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असा निर्णय दिला. हा निर्णय मुख्यतः मनाच्या खासगीपणाचा आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा आहे. देशाच्या न्यायव्यवस्थेने तो इतक्या लवकर दिला, याचं मोल पुढच्या काळात वाढतच जाणार आहे. चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने घरगुती ईईजी पट्टा विकणाऱ्या कंपनीला एका ग्राहकाच्या मेंदूची माहिती पुसून टाकायला सांगितलं, ते २०२३ साली.

बोलता न येणाऱ्याला लहरींवरून बोलतं करण्याचा प्रयत्न मात्र पुन्हा लहान प्रश्नाकडे येतो, आणि तिथेच या शास्त्राची सगळ्यात सुंदर युक्ती आहे. ‘मेंदू-संगणक दुवा’ ही कल्पना लॉस एंजेलिसच्या जाक विदाल यांनी १९७३ साली मांडली. १९८८ साली फारवेल आणि डोन्चिन यांनी तिला खिडकी करून दिली: पडद्यावर सहा ओळी, सहा रकाने, त्यात छत्तीस अक्षरं आणि खुणा. ओळी आणि रकाने एकामागून एक चमकतात. रुग्णाने एकच करायचं, आपल्याला हव्या अक्षराकडे लक्ष ठेवायचं. ते अक्षर असलेली ओळ चमकली की ‘हेच ते’ या ओळखीची लाट साधारण ३०० मिलिसेकंदांनी उठते. ओळ सापडली, रकाना सापडला, अक्षर सापडलं. यंत्राला त्याचं मन वाचायचं नसतं. ‘ही ओळ? का ही?’ एवढंच ते पुन्हापुन्हा विचारतं. (स्टीफन हॉकिंग अशा यंत्राने बोलत असा समज आहे, ते गालाच्या स्नायूच्या हालचालीवर चालणारं यंत्र वापरत.)

१९९९ साली ट्युबिंगेनच्या नील्स बिरबाउमर यांनी एएलएस या स्नायूंची ताकद हिरावून घेणाऱ्या आजाराने पूर्ण पांगळ्या झालेल्या रुग्णांना मेंदूच्या संथ लहरींनी लिहायला शिकवलं. पुढे २०१७ मध्ये त्यांनी डोळेही न हलवू शकणाऱ्या रुग्णांकडून ‘हो-नाही’ मिळवल्याचा दावा केला, तेव्हा जर्मन संशोधन संस्थेच्या चौकशीत गैरवर्तन आढळलं आणि ते निबंध मागे घेतले गेले. तो दावा टाळूला लावलेल्या प्रकाशकिरणांच्या यंत्राचा होता, पण घाव साऱ्या क्षेत्राला बसला. अशा रुग्णाच्या घरच्यांना उत्तर हवंच असतं. ते जीव तोडून ऐकत असतात, म्हणून इथे खोटा ‘हो’ फार क्रूर ठरतो.

वेग हवा असेल तर देवळात शिरावं लागतं, म्हणजे कवटी उघडून तारा मेंदूवर किंवा मेंदूत ठेवाव्या लागतात. २०२१ साली अमेरिकेत हातापायांनी पांगळ्या माणसाने मनात अक्षरं गिरवून मिनिटाला ९० अक्षरं लिहिली. २०२३ साली दोन स्त्रियांचं न उमटलेलं बोलणं मिनिटाला ६२ आणि ७८ शब्दांच्या वेगाने पडद्यावर आलं. २०२४ साली कॅलिफोर्नियात एएलएसच्या एका रुग्णासाठी सव्वा लाख शब्दांचा साठा ९७ टक्के अचूकतेने चालला. हे आकडे खरे आणि थरारक आहेत, फक्त ते मूठभर माणसांचे आहेत.

मेलबर्नची गोष्ट त्या आकड्यांच्या शेजारी ठेवावी अशी आहे. तिथे १५ अपस्मार रुग्णांच्या मेंदूवर तारा बसवून फिट येण्याआधीच दिवा लावून इशारा देणाऱ्या यंत्राची चाचणी झाली. निष्कर्ष २०१३ साली छापून आले. एका स्त्रीचं आयुष्य त्याने पालटलं. इशारा मिळाला की ती गोळी घेई, आणि बाहेर पडायची भीती सरली. मग कंपनीचे पैसे संपले आणि यंत्र काढून घ्यायचं ठरलं. घर गहाण ठेवून ते विकत घ्यायची त्या जोडप्याची तयारी होती. ते मिळालं नाही, शस्त्रक्रिया करून काढलं गेलं, आणि आपलाच एक भाग नेल्यासारखं तिला वाटत राहिलं. माणसाच्या डोक्यात यंत्र बसवण्याची परवानगी देताना ते पुढची वीस वर्षं कोण सांभाळणार, हेही लिहून घ्यायला हवं. सध्या ते कुठेच धडपणे लिहून घेतलं जात नाही.

मराठी माणसासाठी यात अडचण भाषेचीही आहे. बोलणं उलगडणाऱ्या या यंत्रणा इंग्रजीच्या ध्वनींवर आणि इंग्रजीत पुढचा शब्द कुठला येईल या अंदाजावर उभ्या आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत २०२४ साली एकाच रुग्णाचं स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही उलगडलं, म्हणजे वाट आहे. अक्षरं निवडण्याच्या यंत्राची देवनागरी आवृत्ती रायपूरच्या एनआयटीतल्या संशोधकांनी करून पाहिली आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं यांनी चौकोन फुगतो हे खरं. पण आपली वर्णमाला मुळातच पाच ओळी, पाच रकान्यांची आहे. कंठातून निघणारे एका ओळीत, टाळूवरचे दुसऱ्या, ओठांवरचे पाचव्या. ओळ आधी विचारावी, मग अक्षर, अशी सोय तिच्यात आयती आहे.

ज्या घरांत यंत्र पोचलेलं नाही, तिथे या वर्णमालेचाच वापर होऊ शकतो. मुलगी खाटेशी बसून वडिलांच्या डोळ्यांकडे बघत विचारते: क-वर्ग? च-वर्ग? ट? त? प? पापणी मिटते. पहिलं? पुन्हा मिटते. काना? हो. मग पुन्हा वरून सुरुवात, ट-वर्ग, पाचवं, वेलांटी, पहिली की दुसरी? दुसरी. आणि ती उठून पाणी आणायला जाते.